चहा-कॉफीचा चोथा : साठवण आणि परसबागेतील उपयोग

(तरसाली, वडोदरा येथे परसबाग करणारे नागरिक, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वडोदरा शहराच्या दक्षिण अंगास, मकरपुऱ्यालगत वसलेले तरसाली हे एके काळी स्वतंत्र गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे आणि शेतांच्या जागी घरे उभी राहिली आहेत. तथापि अंगणात तुळस, परसात कढीपत्ता, मोरीच्या पाण्यावर अळू आणि गच्चीवर चार कुंड्या ही गावची रीत अनेक कुटुंबांनी जतन केली आहे. गायकवाडांच्या राजवटीपासून या प्रदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, मूळचे गुजराती रहिवासी आणि कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने दक्षिण भारतातून आलेली मंडळी या परिसरात शेजारधर्माने नांदतात. मराठी घरात सकाळ-संध्याकाळ चहाचा चोथा निघतो. गुजराती शेजारी त्यालाच 'कूचो' म्हणतात. दक्षिणी घरातील फिल्टरच्या वरच्या भांड्यात कॉफीचा चोथा उरतो.

हा चोथा टाकून द्यावा की झाडांना घालावा, घालावयाचा तर कोणत्या स्वरूपात, आणि रोज थोडा थोडा निघणारा चोथा साठवून कसा ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु परसबाग करणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या म्हणजे त्याचे महत्त्व ध्यानी येते. गुलाबाच्या कुंडीत रोज गाळणी झटकली, काही दिवसांनी मुंग्या झाल्या, मातीवर पांढरी बुरशी आली आणि झाड वठले. पेरलेली मेथी उगवलीच नाही. तुळशीची पाने पिवळी पडली. असा अनुभव आलेली गृहिणी पुढे सगळाच चोथा कचऱ्याच्या गाडीत टाकू लागते. म्हणजे एकीकडे झाड जाते आणि दुसरीकडे सेंद्रिय पदार्थ वाया जातो. या दोन्ही हानी टाळावयाच्या असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : चोथा हे खत नव्हे, तो खताचा कच्चा माल आहे. कच्चे शेण जसे कोणी जाणता शेतकरी रोपाच्या मुळाशी घालीत नाही, तसाच कच्चा चोथाही घालू नये.

चोथ्यात असते काय?

वनस्पतीच्या पोषणास नत्र, स्फुरद व पालाश ही तीन अन्नद्रव्ये प्रामुख्याने लागतात. कॉफीच्या वाळलेल्या चोथ्यात सुमारे दोन टक्के नत्र असते. चहा हे मुळात झाडाचे पान असल्यामुळे त्याच्या चोथ्यात नत्राचे प्रमाण याहून अधिक, साधारणतः साडेतीन ते चार टक्के असते. स्फुरद व पालाश मात्र दोहोंत अल्प असतात, कारण पालाश पाण्यात सहज विरघळते आणि त्याचा बराचसा भाग चहा-कॉफीबरोबर कपातच जातो. यास्तव केवळ चोथ्यावर फुलझाड किंवा फळझाड पोसले जाईल ही अपेक्षा बाळगू नये.

चोथ्यातील नत्र झाडाला लगेच मिळत नाही. ते प्रथिनांच्या रूपात बांधलेले असते. मातीतील जिवाणू व बुरशी त्यांचे विघटन करतात, तेव्हाच मुळांना शोषता येईल असे नत्र मोकळे होते. या विघटनाला हवा, ओलावा व काही आठवड्यांचा अवधी लागतो.

चोथ्यात कॅफीन व टॅनीन हे पदार्थही शिल्लक राहतात. कॅफीन हे वनस्पतीचे स्वसंरक्षणाचे द्रव्य होय. त्यामुळे किडींना प्रतिबंध होतो, तसेच आसपासच्या बियांच्या उगवणीस व कोवळ्या मुळांच्या वाढीसही अटकाव होतो. पेय तयार करताना कॅफीनचा मोठा भाग पाण्यात उतरतो हे खरे. परंतु रोज नव्या चोथ्याची भर पडत गेल्यास उरलेला अंशही कुंडीतल्या मूठभर मातीत अपाय करण्यास पुरेसा होतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारातील झटपट कॉफी पाण्यात संपूर्ण विरघळते. तिचा चोथा उरतच नाही. चोथा निघतो तो फक्त दळलेल्या बियांच्या पुडीचा. तीत चिकोरी मिसळलेली असली तरी बिघडत नाही. चिकोरी हे एका कंदमुळाचे भाजलेले पीठ असून ते पीक गुजरातेतील जामनगर, खेडा व आणंद या भागांत घेतले जाते. तिचा बराचसा अंश पाण्यात उतरतो व उरलेला सहज कुजतो.

घरचा हिशेब

चार माणसांच्या कुटुंबात दिवसाला आठ-दहा कप चहा होतो असे धरले तर वीस-पंचवीस ग्रॅम चहापूड लागते. तिच्यातील सुमारे एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो. वाळल्यावर उरलेला चोथा दिवसाला पंधरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच किलो भरतो. त्यातील नत्र सुमारे दोनशे ग्रॅम होते. युरियामध्ये शेकडा ४६ भाग नत्र असते. त्या मापाने पाहिले तर वर्षभराचा चोथा हा अर्धा किलोहूनही कमी युरियाच्या तोलाचा ठरतो.

हा आकडा ऐकून कोणाचा हिरमोड होण्याचे कारण नाही. युरियापासून मातीला सेंद्रिय पदार्थ मिळत नाही, तो चोथ्यापासून मिळतो. मात्र या हिशेबावरून दोन बोध घ्यावेत. पहिला असा की चोथ्याच्या गुणांविषयी अतिशयोक्त कल्पना बाळगू नयेत. दुसरा असा की भाजीची देठे, फळांच्या साली, झाडांचा पाचोळा यांच्या सोबतीनेच चोथ्याला खरी किंमत येते. एकटा चोथा थोडा आहे. घरातील सर्व ओला कचरा मिळून मात्र एका लहानशा परसबागेला पुरण्याजोगे खत होते.

कच्चा चोथा मातीत घातल्याने काय होते?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात झाला. हार्डग्रोव्ह व लिव्हस्ले या संशोधकांनी ब्रोकोली, लीक हा कांद्याच्या जातीचा भाजीपाला, मुळा, व्हायोला हे फुलझाड आणि सूर्यफूल अशी पाच झाडे निरनिराळ्या प्रकारच्या मातींत लावून काही कुंड्यांत कॉफीचा ताजा चोथा मिसळला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार चोथा घातलेल्या मातीत सर्वच झाडांची वाढ खुंटली. जोडीला खत देऊनही ती भरून निघाली नाही. मातीची ओल धरून ठेवण्याची शक्ती मात्र वाढली आणि तणही कमी उगवले. यावरून उघड होते की ज्या द्रव्यांमुळे तण दबते त्याच द्रव्यांमुळे लावलेले रोपही दबते. मातीला तण आणि पीक यांतील भेद कळत नाही.

दुसरी अडचण थराची. चहा-कॉफीचे बारीक कण एकावर एक बसले म्हणजे त्यांची खपली तयार होते. ती वाळली की पाणी आत मुरू देत नाही. वरून पाणी घातले तरी ते कुंडीच्या कडेने वाहून जाते व मूळ तहानलेले राहते. ओली असली म्हणजे त्याच खपलीखाली हवा खेळत नाही.

तिसरी अडचण आपल्या चहाच्या पद्धतीतून येते. पाश्चात्त्य घरात चहा केवळ गरम पाण्यात मुरवितात. आपल्याकडे तो साखर, दूध, आले व गवती चहा घालून उकळतात. गाळणीत उरलेल्या चोथ्याला साखरेचा पाक व दुधाचा स्निग्धांश चिकटलेला असतो. साखरेने मुंग्या येतात, दुधाने आंबूस वास सुटतो व माश्या जमतात. आले व गवती चहा यांचे तुकडे मात्र निरुपद्रवी असून तेही कुजून खत होतात.

तरसालीची माती आणि आंबटपणाचा समज

कॉफीचा चोथा आंबट असतो, म्हणून तो घातल्याने मातीतील अल्कता कमी होते, असा समज रूढ आहे. वडोदऱ्याच्या परिसरात या समजाला विशेष महत्त्व येते. शहराच्या दक्षिणेकडील कानम पट्टा काळ्या, चिकण, कापसाच्या मातीसाठी प्रसिद्ध आहे. अशा मातीत चुनखडीचे प्रमाण अधिक असले म्हणजे तिचा सामू सातच्या वर जातो. परिणामी लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. कढीपत्ता, मोगरा व लिंबू यांची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती बहुधा याच कारणाने. मग कोणी सुचवितो की कॉफीचा चोथा घाला.

वस्तुस्थिती अशी आहे की कॉफीतील आम्ले पाण्यात विरघळणारी असून ती बहुतांशी कपात उतरतात. उरलेल्या चोथ्याचा सामू सामान्यतः साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान, म्हणजे सौम्य आम्ल ते जवळजवळ उदासीन असतो. कुजताना तोही बदलत जातो. चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू मूठभर चोथ्याने हलत नाही. लोहाची कमतरता असेल तर चांगले कुजलेले खत घालावे, पाण्याचा निचरा सुधारावा आणि आवश्यक वाटल्यास कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने हिराकस वापरावे. चोथ्याचा या मातीला होणारा उपकार निराळा आहे. तो कुजून खत झाला म्हणजे चिकण मातीचे कण सुटे होतात, उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कमी होतात आणि पावसाळ्यात पाणी तुंबून राहत नाही.

तद्वतच चोथा पसरल्याने गोगलगायी येत नाहीत असेही सांगण्यात येते. हवाई बेटांवरील संशोधकांनी २००२ साली असे दाखविले की एक ते दोन टक्के कॅफीनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात. परंतु हे द्रावण मुद्दाम तयार केलेले होते. एकदा उकळलेल्या चोथ्यात तेवढे कॅफीन नसते. पावसाळ्यात संध्याकाळी कंदील किंवा विजेरी घेऊन गोगलगायी वेचणे हाच परसबागेतील खात्रीचा उपाय होय.

साठवण : उघडिपीचे आठ महिने

चोथ्याची साठवण ऋतूप्रमाणे निराळी असते. पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मे या महिन्यांत, तरसालीत उन्हाची वाण नसते. या काळात पुढील रीत अवलंबावी.

चहा गाळल्यावर चोथा गाळणीतच ठेवून त्यावर एक-दोन वेळा साधे पाणी ओतावे. साखर व दूध निघून जातात. हे पाणी मोरीत न सोडता परसातील मोठ्या झाडाच्या आळ्यात टाकावे. फिल्टरमधील कॉफीत दूध-साखर नसल्यामुळे ती धुण्याची गरज नाही. धुतलेला चोथा पिळून सुपात, पाटीत किंवा जुन्या वर्तमानपत्रावर पातळ पसरावा. थर अर्ध्या बोटापेक्षा जाड नसावा. दिवसातून एक-दोनदा हात फिरवावा. कडक उन्हात तो एक-दोन दिवसांत वाळतो. थंडीच्या दिवसांत तीन दिवस लागू शकतात.

चोथा वाळला की नाही याची परीक्षा सोपी आहे. मूठभर चोथा घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा बनला तर ओल शिल्लक आहे. कोरड्या वाळूप्रमाणे बोटांतून झरला तर तो साठवणीस योग्य झाला. असा चोथा पत्र्याच्या किंवा बरणीवजा डब्यात भरून कोरड्या जागी ठेवल्यास कित्येक महिने टिकतो. ओला चोथा घट्ट झाकणाच्या डब्यात कदापि भरू नये. हवा न मिळाल्याने तो सडतो, दुर्गंधी सुटते आणि डबा उघडताच बुरशीची भुकटी नाकातोंडात जाते. दमा असलेल्या व्यक्तींना ती त्रासदायक ठरते. बुरशी आलेला चोथा फेकून देण्याचे कारण नाही. तो लगेच कुजणाऱ्या ढिगात मिसळून वर पाचोळा घालावा म्हणजे झाले.

डब्यावर चिठ्ठी लावावी आणि तो मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा. कॅफीन कुत्र्यांना विषारी असते, हे पाळीव कुत्रे असलेल्या घरांनी विशेष ध्यानात ठेवावे. चहाच्या पुड्या, म्हणजे टी-बॅग वापरात असतील तर त्या फाडून चोथा वेगळा काढावा. पुष्कळ पुड्यांच्या जाळीत प्लॅस्टिकचे धागे असतात व काहींना तारेची टाचणी असते. या दोन्ही वस्तू मातीत कुजत नाहीत. चोथा मोरीत किंवा बेसिनमध्ये सोडण्याची सवय तर सर्वथा त्याज्य आहे. तो विरघळत नाही; नळीच्या वाकणात बसून ती तुंबवितो.

साठवण : पावसाचे चार महिने

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हवेत इतका दमटपणा असतो की पसरलेला चोथा वाळण्यापूर्वीच त्यावर बुरशी चढते. या दिवसांत चोथा साठविण्याचा खटाटोप करू नये. तो रोजच्या रोज खताच्या पिंपात घालावा. अडचण येते ती अशी की नुसता ओला चोथा व भाजीचा कचरा घातल्याने पिंपात चिखल होतो. त्यासाठी कोरडा पाचोळा लागतो आणि नेमका पावसाळ्यात तो मिळत नाही.

यावरचा उपाय मार्च महिन्यात करावयाचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते. त्याच सुमारास पिंपळाचीही पाने झडतात, आणि ज्या शहराचे जुने नाव वटपद्र असे आहे त्या वडोदऱ्यात वडाच्या पानांना तोटा नाही. त्या वेळी लोक अंगणात व रस्त्याच्या कडेला पाचोळ्याचे ढीग लावून ते पेटवून देतात. धुराने डोळे चुरचुरतात आणि चार महिन्यांनी ज्याची गरज भासणार आहे ती वस्तू राख होते. म्हणून चोथा साठविण्याहूनही पाचोळा साठविणे अधिक अगत्याचे आहे.

याचाही हिशेब पाहावा. एका कुटुंबाचा ओला चोथा दिवसाला जेमतेम एक लहान वाटी असतो. त्यास तीन वाट्या चुरलेला पाचोळा लागतो. पावसाळ्याच्या १२० दिवसांना ३६० वाट्या झाल्या. वाटी दीडशे मिलिलिटरची धरली तर हे माप ५४ लिटर होते. म्हणजे धान्याची एक गोणी चुरलेल्या पाचोळ्याने भरून मार्चमध्ये जिन्याखाली ठेवली की सबंध पावसाळ्याची बेगमी झाली.

खत करण्याची रीत

टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. इंदूर येथे १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून आणि ते ठरावीक दिवसांनी उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. त्यांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला व 'इंदूर पद्धती' जगभर मान्यता पावली. कोरड्या ऋतूत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवरचा ढीग, हा विवेकही त्या पद्धतीत होता. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते व हवेअभावी कचरा सडतो. काळ्या मातीच्या भागात तर हा नियम कटाक्षाने पाळावा.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भिंतींत झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात थोडे शेण, पुष्कळ काडीकचरा व माती यांपासून खत करण्याची रीत रूढ केली. त्यांच्या नावावरून ती 'नाडेप' या नावाने ओळखली जाते. दोन्ही पद्धतींचे मर्म एकच : ओले व कोरडे यांचा मेळ, हवेला वाट आणि बेताची ओल. घरगुती पिंपातही हेच मर्म सांभाळावयाचे आहे.

तीस-चाळीस लिटरची दोन जुनी पिंपे किंवा मोठे माठ घ्यावेत. तळाला व बाजूंना बोटभर अंतरावर छिद्रे पाडावीत. पिंप दोन विटांवर ठेवावे म्हणजे खालून हवा खेळते व पाणी निथळते. तळाशी चार बोटे जाडीचा भरड पाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या घालाव्यात. नंतर रोज एक वाटी चोथा, एक वाटी भाजीची देठे व साली आणि तीन वाट्या चुरलेला पाचोळा या प्रमाणात भर टाकावी. सर्व मिश्रणात चोथा एक पंचमांशाहून अधिक होऊ देऊ नये. चोथा रंगाने तपकिरी असला तरी गुणाने तो नत्रयुक्त हिरव्या कचऱ्यात मोडतो. म्हणून त्याची गणना पाचोळ्यात करू नये. वाळवून साठविलेला चोथा वापरताना तो आधी पाण्याने ओलसर करून घ्यावा.

आठवड्यातून एकदा मूठभर जुने खत किंवा बागेतील माती व तांब्याभर पातळ शेणकाला शिंपडावा आणि काठीने वर-खाली करावे. मूठभर मिश्रण दाबले असता एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. वास आला तर ओल जास्त झाली असे समजून पाचोळा वाढवावा. काहीच कुजत नसेल तर पाणी शिंपडावे. पहिले पिंप भरण्यास दोन-अडीच महिने लागतात. ते झाकून ठेवावे व दुसरे सुरू करावे. दुसरे भरेपर्यंत पहिल्यातील खत तयार होते. ते काळपट, भुसभुशीत व पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचे असते आणि त्यात चोथ्याचे कण ओळखू येत नाहीत. गांडूळ खत करणाऱ्यांनी चोथा फार थोडा व कुजलेल्या कचऱ्यात मिसळूनच द्यावा. एकदम पुष्कळ घातल्यास गांडुळे मरतात किंवा निघून जातात.

परसबागेत वापर

तयार खत चाळून वापरावे. नवी कुंडी भरताना तीन भाग मातीस एक भाग खत पुरते. बारा इंची कुंडीतील झाडाला महिन्यातून एकदा दोन मुठी खत खुरप्याने वरच्या मातीत मिसळावे व पाणी द्यावे. भाजीच्या वाफ्यात लागवडीपूर्वी दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो घालावे. फुलझाडे व फळभाज्या यांना स्फुरद-पालाशाची जोड लागते, ती शेणखत व हाडांच्या खतातून द्यावी. लाकडाची राख पालाश देते खरी, परंतु ती अल्कधर्मी असल्यामुळे चुनखडीच्या काळ्या मातीत चिमूटभरच वापरावी.

ज्यांना पिंप ठेवणे शक्यच नाही त्यांनी मोठ्या, जुन्या झाडाच्या आळ्यात, खोडापासून हातभर दूर, धुतलेला चोथा अगदी पातळ पसरून मातीत मिसळावा व वर चार बोटे पाचोळा झाकावा. हे काम महिन्यातून एकदाच करावे. बी पेरलेले वाफे, कोवळी रोपे, तुळशीसारखी लहान कुंडीतील झाडे आणि कोरफड-निवडुंगासारखी कोरड्या मातीत वाढणारी झाडे यांना कच्चा चोथा मुळीच घालू नये.

शाळा व कार्यालये यांचे कार्य

शिक्षकांना या विषयात विद्यार्थ्यांकडून एक उत्तम प्रयोग करवून घेता येईल. तीन सारख्या कुंड्या घ्याव्यात. पहिलीत नुसती माती, दुसरीत चार भाग माती व एक भाग कच्चा वाळलेला चोथा आणि तिसरीत चार भाग माती व एक भाग चोथ्याचे कुजलेले खत भरावे. प्रत्येकीत मेथीचे पन्नास दाणे पेरून सारखे पाणी द्यावे. सातव्या दिवशी उगवलेली रोपे मोजावीत आणि एकविसाव्या दिवशी उंची मोजून तक्ता करावा. पुस्तकातील वाक्यापेक्षा हा तक्ता विद्यार्थ्यांच्या मनावर अधिक ठसेल आणि तो त्यांच्या घरी पोहोचेल. ज्या वडोदरा संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, तेथील शाळांकडून अशी अपेक्षा करणे उचितच होय.

कार्यालयांची जबाबदारी याहून मोठी आहे. एका घराचा चोथा वाटीभर असतो. कार्यालयाच्या उपाहारगृहाचा व नाक्यावरील चहाच्या टपरीचा घमेलेभर असतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा उगमापाशीच वेगळा करणे बंधनकारक केले. त्या वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे पुढे काय करावे याचे उदाहरण मुंबईत घडले. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याच्या खतावर भाजीपाला व फळझाडे वाढविली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवार' चळवळीने अशा शहरी शेतीला मोठी प्रेरणा दिली होती. जेथे आवार आहे, झाडांचा पाचोळा आहे आणि रोज चहा होतो, अशा प्रत्येक कार्यालयास हे करणे साध्य आहे. त्यासाठी वेगळ्या अनुदानाची नव्हे, तर एका जबाबदार कर्मचाऱ्याची व दोन टाक्यांची गरज आहे. शाळेने जवळच्या टपरीचा चोथा गोळा करावा, कार्यालयाने पाचोळा जाळण्याऐवजी शाळेला द्यावा, असा मेळ घातल्यास दोघांचेही काम होईल.

सारांश, चोथा धुवावा, उन्हाळ्यात वाळवून ठेवावा, पावसाळ्यात थेट पिंपात घालावा, त्यास तिप्पट पाचोळा जोडावा आणि कुजून माती झाल्यावरच झाडाला द्यावा. चहाचा कप दोन मिनिटांत रिकामा होतो. त्याच्या तळाशी उरलेल्या वस्तूला खत होण्यास तीन महिने लागतात. तेवढा धीर ज्या घराने धरला, त्या घरच्या तुळशीला व कढीपत्त्याला त्याचे फळ मिळाल्यावाचून राहणार नाही.